टर्कीची धुळीतली अंघोळ: पहिल्यांदा बघायला जाणाऱ्यांसाठी

जूनमधली दुपार, सव्वाबाराचा सुमार. मागच्या अंगणात एक टर्की मरायला टेकलीय असं वाटून मी हातातलं काम टाकून खिडकीशी धावले. एक पंख फाटक्या छत्रीसारखा पसरलेला, मान जमिनीवर टाकलेली, एक पाय हवेत. मॅसॅच्युसेट्समध्ये आमचा तो पहिलाच उन्हाळा होता. जखमी प्राण्यांसाठी कुणाला फोन करायचा ते मी शोधत बसले. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी खिडकीतून एकदा बघितलं आणि परत गवार मोडायला बसल्या. "आगं, लोळतीया ती. कोंबड्या न्हाईत का लोळत उकिरड्याच्या कडंला? गप बघ, आता उठून झटकंल."

झटकलंच. अंगणभर धूळ उडाली आणि टर्की मान ताठ करून शेजाऱ्यांच्या आवारात चालती झाली. ती लोळली तिथं माझी हायड्रेंजिया, एक फुलझाड, नुकतीच लावलेली होती, हे नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी हे बघते. ओळखीतलं कुणी विचारलं तर जे सांगते, ते इथं क्रमानं लिहिते. सगळं आमच्या भागातल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या रानटर्कीबद्दल आहे. फ्लोरिडा किंवा टेक्ससमध्ये राहत असाल तर महिने पुढेमागे करून घ्या.

आधी थोडी ओळख

दुकानात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मिळते ती टर्की आणि रानात फिरते ती, जात एकच. पण रानटर्की सडपातळ असते, उडते आणि रात्री झाडावर झोपते. मादी साधारण चार किलोची, नर आठ-नऊ किलोचा. आज गावातल्या रस्त्यांवर वाहतूक अडवून उभ्या असलेल्या या पक्ष्याचा इथून एकेकाळी पूर्ण नायनाट झाला होता. जंगलं तोडून शेतं झाली, त्यात बेसुमार शिकार. राज्यातली शेवटची मूळची टर्की १८५१ साली माउंट टॉम डोंगरावर मारली गेली, अशी नोंद आहे. (नर टर्कीला इथं टॉमच म्हणतात. डोंगराच्या नावाशी त्याचा संबंध नाही, पण मला दरवेळी आठवतं.) पुढे १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी पकडून आणून राज्याच्या पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या डोंगरांत सोडले. आज राज्यात तीस हजारांच्या वर टर्की आहेत.

आता अंघोळ कशासाठी, ते. पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक गाठ असते. तिथं चोच घासून तो ते तेल पिसांना लावत असतो. हे तेल साचलं, शिळं झालं, की पिसं एकमेकांना चिकटतात आणि आतला कापसासारखा थर दबतो. कोरडी बारीक माती हे जादा तेल टिपून घेते आणि अंग झटकलं की मातीबरोबर तेलही जातं. आपण दिवाळीत अंगाला तेल चोपडून वर उटणं लावतो, तसाच हिशेब. पिसांतल्या उवांना आणि किड्यांनाही धुळीचा त्रास होतो, पण तो किती, हे मातीच्या जातीवर ठरतं. तेलाचं मात्र कोंबड्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय: धूळ मिळू दिली नाही तर पिसांवरचं तेल वाढत जातं, आणि नंतर धूळ मिळाली की कोंबडी नेहमीपेक्षा जास्त लोळते. जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेली कोंबडी तर धूळ नसतानाही नुसत्या जाळीवर अंघोळीचे सगळे हातवारे करते. ते बघून वाईट वाटतं.

पायरी १: टर्की शोधू नका, जागा शोधा

नव्या माणसाची पहिली चूक म्हणजे दुर्बीण घेऊन टर्कीच्या मागं फिरणं. मीही तेच केलं. टर्की पुढं, मी मागं, आणि मधलं अंतर कायम तेवढंच. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न हलवताही तिला जवळजवळ चोहीकडचं दिसतं, आणि रंगही चांगले कळतात. आपण तिला गाठू शकत नाही. पण अंघोळीची जागा ठरलेली असेल तर ती स्वतःहून परत येते, तेव्हा जागा हेरून ठेवायची.

जागेला तीन गोष्टी लागतात: माती पिठासारखी बारीक हवी, कोरडी हवी, आणि वर ऊन यायला हवं. या तिन्ही कुठं जमतात ते डोक्यात धरून चाला. जंगलातून विजेच्या तारा जातात तिथं झाडं तोडून मोकळा पट्टा ठेवलेला असतो. त्याची दक्षिणेकडे उतरती बाजू सगळ्यात आधी बघा. मग कच्च्या रस्त्याच्या कडा. शेताच्या बांधाजवळची रेताड जागा. वादळात मुळासकट उपटून पडलेलं झाड दिसलं तर मुळांच्या गड्ड्याखालची माती बघा, ती भुसभुशीत असते आणि पावसाचं पाणीही तिथं कमी पोचतं. सोडून दिलेली मुंग्यांची वारुळं टर्कीला फार आवडतात. कुजून लाल भुगा झालेले ओंडकेही. तेव्हा धूळ म्हणजे मातीच हवी असं नाही. जुन्या शेकोटीची राखही चालते.

वस्तीत राहत असाल तर एवढी पायपीट नको. घराभोवती एक चक्कर मारा आणि वळचणीखाली बघा. छपराची पन्हळ पुढं आलेली असते, त्यामुळे भिंतीलगतच्या दोनेक फूट पट्ट्यात पाऊस पडत नाही. चार दिवस झड लागली तरी तिथं धूळ उडते. घरमालक नेमका तिथंच फुलझाडांचा वाफा करतो.

पायरी २: खळगा ओळखायला शिका

टर्की लोळून गेली की मागं खळगा उरतो. कणीक मळायची परात मातीत दाबून उचलल्यासारखा: गोल किंवा थोडा लांबट, दीड फुटाच्या आतबाहेर, मधोमध तीन-चार बोटं खोल. एका जागी एक असतो तसे पाच-सहाही असतात, एकमेकांना चिकटून, कारण माद्या घोळक्यानं अंघोळ करतात.

यात गल्लत होते ती अशी. हरणाच्या बसण्याची जागा याच्या दुप्पट लांब असते आणि तिथं गवत किंवा पाला दबलेला असतो, पिठासारखी माती नसते. मी माझा पहिला अख्खा आठवडा अशाच एका जागेसमोर काढला आणि माझ्या चिकाटीचं मलाच कौतुक वाटत होतं. रफ्ड ग्राउस नावाचा तितरासारखा एक पक्षी इथं आहे, तोही लोळतो, पण त्याचा खळगा नाश्त्याच्या बशीएवढा. आणि पाल्यात उकरल्याच्या खुणा म्हणजे खळगा नव्हे. टर्की अन्नासाठी पायानं पाला मागं फेकते, त्याची ओकच्या जंगलात लांबच लांब विस्कटलेली पट्टी दिसते. अशी पट्टी दिसली तर टर्की या भागात आहेत एवढंच समजायचं आणि पुढं मोकळी माती शोधायची.

खळगा सापडला की उकिडवं बसा आणि वाचा. कडा धारदार, आतला भुगा सैल, वर एकही पान पडलेलं नाही: आजचा किंवा कालचा. भुग्यावर पावसाच्या थेंबांचे बारीक खड्डे: पावसाआधीचा. कडेकडेनं कोळ्याचं जाळं: इथं बसून उपयोग नाही.

बहुतेक वेळा एखाददुसरं पीस सापडतंच. छातीचं पीस असेल तर त्याचं टोक बघा. टोक काळंभोर, जणू कात्रीनं सरळ कापलेलं, तर नर. टोक फिकट तपकिरी किंवा बदामी, तर मादी. पावलाचा ठसा तीन बोटांचा, चार इंचांच्या आसपास. विष्ठेवरूनही कळतं. नराची लांब, टोकाला वळलेली, इंग्रजी जे अक्षरासारखी. मादीची गोळा किंवा वेटोळं. घरी हे सांगितलं की मुलं नाक मुरडतात, पण जंगलात तीच आधी काडीनं ढकलून बघतात.

पिसाबद्दल एक सूचना. अमेरिकेत बहुतेक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा घरी नेणं बेकायदा आहे. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा ससाण्यापासून कावळ्यापर्यंत सगळ्यांना लागू होतो. टर्की त्या यादीत नाही. तरी मुलांच्या हातात पीस दिलंत तर नंतर हात धुवायला लावा, आणि मेलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नका.

पायरी ३: वेळ साधा

पक्षी बघायचे म्हणजे पहाटे उठायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अंघोळीसाठी ते सोडून द्या. पहाटे टर्की झाडावरून उतरते आणि आधी पोटाचं बघते. गवतावर दव असतं, माती ओलसर असते. मी तीन आठवडे पहाटे पाचला थर्मास घेऊन गेले. चहा झाला, अंघोळ एकही दिसली नाही.

ऊन आणि ऊब मिळाली की टर्की-कोंबडीच्या वर्गातल्या पक्ष्यांना लोळावंसं वाटतं. कोंबड्यांवर झालेला अभ्यासही तेच सांगतो: साधारण दिवसाआड एकदा, बहुतेकदा मध्यान्हीच्या सुमाराला, वीस मिनिटं ते अर्धा तास. माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी अकरा ते अडीचच्या मधल्या आहेत. रानटर्की आटपतेही लवकर, कारण वरून ससाणा आणि खालून कोल्हा यांची भीती. पाऊस पडून दोन कोरडे दिवस गेले की तिसऱ्या दिवशी जा. मे ते सप्टेंबर हा मोसम. त्यातही ऑगस्टमध्ये, जुनी पिसं गळून नवी येत असतात तेव्हा, मला सगळ्यात जास्त लोळणं दिसलंय.

चिमण्या धुळीत न्हायल्या की पाऊस येतो असं आपल्याकडे म्हणतात, आणि टर्की बघून सासूबाईंनीही तेच भाकीत केलं. मी वहीत दोन उन्हाळे टिपून ठेवलं. माझ्या वहीपुरतं उत्तर असं: लोळण्याआधी दोन दिवस कोरडे गेलेले असतात, एवढं नक्की. पुढचं टर्कीला माहीत नसावं. साताऱ्याकडे वळिवाच्या आधी कडक ऊन पडतं आणि माती पार भुकटी होते, त्यामुळे तिकडे म्हण खरी ठरत असावी.

पायरी ४: बसा आणि हलू नका

खळग्यापासून तीस-चाळीस पावलांवर, तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं झाड बघून त्याला पाठ लावून बसा. सूर्य पाठीशी असू द्या. साधी आठ पटींची दुर्बीण पुरते. कपडे मातकट, पांढरी टोपी आणि लाल ओढणी घरी. बसल्यावर मान वळवायची ती सुद्धा मिनिटाच्या काट्याच्या चालीनं. टर्कीला आकार ओळखण्यापेक्षा हालचाल टिपण्याची घाई असते.

कच्च्या रस्त्याच्या कडेला खळगा असेल तर सरळ गाडीत बसा, इंजिन बंद करून. गाडीला टर्की घाबरत नाहीत. उलट वसंतात नर दारावरच्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडायला येतात.

दोन गोष्टी जीवावरच्या म्हणून सांगते. एक, इथं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम असतो. त्या काळात शिकारीला परवानगी असलेल्या जंगलात लपून बसू नका, टर्कीचा आवाज काढू नका, आणि लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात. जाणं भागच असेल तर भडक नारिंगी जाकीट घाला आणि पायवाटेवर राहा. दुसरी गोष्ट गोचीड. पॅंट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागं, काखेत, केसांत नीट तपासा. गोचीड चावून होणारा लाइम रोग इथं घराघरांत माहीत आहे.

एवढं बसवत नसेल तर ट्रेल कॅमेरा आणा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप टिपणारा. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधा, तोंड उत्तरेकडे, म्हणजे ऊन भिंगात येत नाही. फोटोऐवजी व्हिडिओवर ठेवा. फोटोत नुसतं पिसांचं गाठोडं दिसतं.

पायरी ५: आता बघा

मागच्या जुलैतली एक दुपार सांगते, म्हणजे क्रम ध्यानात राहील.

चार माद्या बांधावरून आल्या. पहिली खळग्याशी थांबली, मातीत दोन-तीन चोची मारल्या, पायानं उकरलं, परत चोच मारली. माती पारखली. मग गुडघे मोडून खाली बसली. बसल्याबसल्या चोचीनं चारी बाजूंची माती ओढून छातीखाली घेतली, भाकरीला पीठ ओढतो तशी. आणि मग पंख. पंख अंगापासून थोडे सुटे करून तिनं ते भराभर हलवायला सुरुवात केली, आणि खालची माती उसळून पाठीवर, खांद्यांवर, फुलवलेल्या पिसांच्या आत जाऊ लागली. पिसं ती मुद्दाम उभी करते. माती वर राहून उपयोग नाही, कातडीपर्यंत जायला हवी. मधूनच एक पाय खरवडून आणखी माती उडवायची. चारेक मिनिटांत तिच्या अंगावरची तांबूस चमक गेली आणि ती शेणी थापल्यासारखी एकरंगी दिसू लागली.

मग ती कुशीवर झाली. गाल जमिनीला घासला, मानेची एक बाजू, मग दुसरी. वरचा पाय ताणला. डोळे अर्धे मिटले. आणि स्तब्ध. नवखा माणूस इथंच घाबरतो आणि मदतीला धावतो. मी घाबरले होते ती हीच अवस्था. धावू नका. माती अंगात मुरू देण्याची ही वेळ असते. या सगळ्यात चौथी मादी न लोळता मान उंच करून उभी होती. पहिली उठल्यावरच ती बसली. हे ठरवून केलेलं की योगायोग, सांगता येत नाही, पण असं मी पुष्कळदा बघितलंय.

शेवटी उठणं. पाय फाकवून उभी राहिली, सगळी पिसं फुलवली आणि मानेपासून शेपटीपर्यंत एक झटका. वाऱ्यावर सरकत गेलेला धुळीचा लोट मला झाडापाशी नाकात जाणवला. धूळ बसली तेव्हा पिसांवरची तांब्या-पितळेची झळाळी परत आलेली. पुढची दहा मिनिटं चोचीनं एकेक पीस विंचरणं.

कानही उघडे ठेवा. लोळताना हलकी घुरघुर चालू असेल तर सगळं ठीक. "पट्! पट्!" असा तोडलेला कडक आवाज आला म्हणजे तुम्ही दिसलात. त्या दिवशी माझ्या फोननं घोटाळा केला आणि चारही माद्या पाच सेकंदांत पसार झाल्या.

जूनच्या मध्यापासून पिल्लं बघायला मिळतात. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ती लोळायला लागतात, आणि ते कौशल्य कमी, गोंधळ जास्त. आईच्या परातीएवढ्या खळग्यात सात-आठ पिल्लं एकाच वेळी उतरतात, एकाची धूळ दुसऱ्याच्या डोळ्यांत जाते, आणि एखादं कुशीवर व्हायला जाऊन सरळ उताणं पडतं.

कधी मागं फिरायचं

मे महिन्यात एकटीच मादी आली, घाईघाईनं लोळली आणि थेट झाडीत गेली, तर तिच्या मागं जाऊ नका. ती अंड्यांवरून उठून आलेली असते. दहा-बारा अंडी, साधारण २८ दिवसांची उबवण, आणि दिवसातला थोडाच वेळ खाणं, पाणी आणि ही अंघोळ उरकायला. घरट्यापाशी माणूस आला तर ती घरटं कायमचं सोडू शकते. पिल्लं असतील तेव्हाही लांबूनच बघा. पळापळीत एखादं मागं राहिलं तर त्याचं काही खरं नसतं.

आणि दाणे टाकून बोलावू नका. माणसाला सोकावलेला नर पुढं पोस्टमनच्या अंगावर जातो, आणि मग शिक्षा नराला होते.

फुलझाडांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. वाफ्यातलं लोळणं थांबवायचं तर माती ओली ठेवा. नाहीतर कोंबड्यांची जाळी मातीवर आडवी अंथरून वर पालापाचोळा घाला, किंवा रोपांमध्ये मूठभर आकाराचे दगड दाटीनं मांडा. बुजगावण्याचा दुसऱ्या दिवशीच उपयोग संपतो.

त्याबरोबर दुसरीकडे जागाही करून द्या. झुडपांपासून थोडी लांब, म्हणजे मांजर दबा धरणार नाही, पण चारी बाजूंना नजर जाईल अशी उन्हाची जागा बघा. चार फूट लांब-रुंद गवत काढा. माती चिकण असेल तर निम्मी बारीक वाळू मिसळा. चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकर मारली की उडाली पाहिजे. कीटकनाशक पावडर वगैरे काही घालू नका.

मी अशी जागा एप्रिलमध्ये केली, चाळणीनं माती चाळून. आठवड्याच्या आत चिमण्या आल्या, आपल्याकडच्याच जातीच्या, ज्या युरोपातून इथं आणून सोडल्या. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर म्हणाल्या, "कापडं आत घे." टर्की अजून हायड्रेंजियाखालीच लोळतात.